पुसलेल्या चौदा फ्रेम्स

सोमवार, ३ फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, ज्यांना शंका येतील त्यांनी त्या लिहून ठेवा आणि मीटिंगला घेऊन या. म्हणून ही वही घेतली. पहिली शंका: हे आपण नक्की कशासाठी करतोय? ही मीटिंगमध्ये मांडली तर नोकरीवर गदा येईल, म्हणून वही ऑफिसच्या खणात न ठेवता घरी आणली आहे.

आमचं काम जुने पिक्चर साफ करायचं. धूळ, ओरखडे, डाग, कुठे कॅमेऱ्याला चिकटलेला केस, हे सगळं संगणकावर एकेक फ्रेम उघडून पुसायचं. सेकंदाला चोवीस फ्रेम्स. सतरा वर्षं मी हेच करते आहे आणि ऑफिसात मला सगळे फडकं म्हणतात. मला राग येत नाही. फडक्याशिवाय कुणाचं घर चाललंय?

आता कंपनीने नवं खूळ घेतलंय. धरण फुटण्याचा जो त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा पिक्चर आम्ही दोन वर्षांपूर्वी साफ केला, तोच पुन्हा काढायचा. नट नवे, पण कपडे तेच, संवाद तेच, कॅमेरा त्याच जागी, शॉटची लांबी तीच. बदलायचं फक्त पाणी. तेव्हा धरण, गाव, पूल सगळं लाकडाचं आणि पुठ्ठ्याचं होतं, हौदात मांडलेलं. आता ते संगणकात होणार. नव्या दिग्दर्शकाच्या तोंडात दर वाक्याला एकच शब्द, हुबेहूब. दुपारच्या चहापर्यंत त्याचं नावच हुबेहूब पडलं.

ते लाकडाचं गाव माझ्या बाबांनी बांधलेलं. आज घरी येऊन त्यांना सांगायचं होतं, धीर झाला नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सांगितलं. मला वाटलं होतं आकाशपाताळ एक करतील. ते स्टुलाचा पाय बसवत होते, मान वर न करता म्हणाले, "करा की."

"हुबेहूब करणार आहेत, बाबा. फक्त तुमची लाट काढून संगणकाची घालणार."

"मग घाला. माझी लाट कुठं धड होती? थेंब बघितलेस? एकेक थेंब दाराएवढा. गाव कितीही लहान करता येतं, ठमे, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही."

"पण लोकांना आवडली होती."

"लोकांना काय. बदला. सगळंच बदला." स्टूल सुलटं करून, बसून बघितलं, आणि मग एकदम विचारलं, "जुनी रिळं आहेत का गं अजून?"

मी सांगितलं, नाहीत. आंबूस वास मारत होती, स्कॅन झाल्यावर नष्ट केली.

"आणि तो स्कॅन?"

"कच्चा आहे पडलेला. का?"

"काही नाही. विचारलं."

बाबांचं मला काही कळेनासं झालंय. स्वतःच्या हातांनी एवढं केलेला माणूस इतका कोरडा कसा? दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्यासाठी साफ केलेली प्रत घरी आणली, खास मोठ्या पडद्याचा टीव्ही घेतला, शेजारी बसून अख्खा पिक्चर दाखवला. पूल पडला तिथे ते म्हणाले, जरा मागं घे. घेतलं. पुन्हा मागं घ्यायला लावलं. मग म्हणाले, छान केलंयस, आणि उठून झोपायला गेले, संध्याकाळी सात वाजता. तेव्हापासून पिक्चरचा विषय काढला की म्हणतात, माझे डोळे गेले. सुईत दोरा मात्र पहिल्या झटक्यात ओवतात.

त्या वेळी मी जुनी व्हिडिओ कॅसेटही रद्दीत देऊन टाकली होती. आता स्वच्छ प्रत आल्यावर ती पडद्यावर मुंग्या मुंग्या दाखवणारी कॅसेट कशाला? त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता. म्हातारपणी माणसाला वस्तूंचा फार सोस लागतो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज मीटिंगमध्ये चांगलीच जुंपली. मूळ पिक्चरमधल्या चुकांचं काय करायचं? एका शेतकऱ्याच्या मनगटावर घड्याळ आहे. एका घराची भिंत वाऱ्याने हलते. हुबेहूबचं म्हणणं, हुबेहूब म्हणजे चुकांसकट. पाणीवाला, म्हणजे आमच्यातला जो संगणकावर पाणी तयार करतो तो, म्हणाला, मग माझ्या लाटेचे थेंबही दाराएवढे करू का?

सगळे हसले. हुबेहूब गोंधळला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली.

मग मी बोलले. एरवी मी बोलत नाही. म्हटलं, "चूक म्हणजे चूक. ज्यांनी पिक्चर काढला त्यांना ती नकोच होती, नाइलाज म्हणून राहिली. ती पुसणं म्हणजेच त्यांच्याशी इमान." आणि पुलाच्या शॉटचं उदाहरण दिलं. लाट येते, पूल कोसळतो, आणि डाव्या कोपऱ्यात, डोंगराच्या मागून, चौदा फ्रेम्स एक माणसाचा हात दिसतो. मी तो पुसला होता. मागे फेसाळलेलं पाणी, फ्रेमगणिक बदलणारं, त्यातून हात उचलायचा आणि खालचं पाणी शोधून भरायचं, अकरा दिवस लागले मला. नोंदवहीत लिहिलेलं अजून आठवतं: "अनावश्यक वस्तू, हात, बहुधा कामगाराचा. काढला." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. चहाच्या मशीनच्या वर त्याचं मोठं छापील चित्र लावलंय, डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. नवीन माणूस आला की मॅडम त्याला तिथे उभं करतात.

मीटिंगमध्ये माझंच म्हणणं मान्य झालं. चुका वगळून हुबेहूब.

घरी येताना मात्र वाटलं, चुका वगळल्या तर हुबेहूब कसलं? मग वाटलं, माझंच बरोबर. आजचं मत: पुन्हा काढावा. कालचं मत: काढू नये. या वहीने शंका कमी होतील असं कोण म्हणालं होतं?

रविवार, १६ फेब्रुवारी

दुपारी बाहेरून आले तर बाबा टीव्हीसमोर. पिक्चर चालू होता. पुलाचा शॉट संपला की ते रिमोटने मागे घेत होते, पुन्हा बघत होते. पडद्याच्या डाव्या बाजूला अगदी नाक लावून बसलेले. मला बघून टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "पाणी बघत होतो."

माझं काम तपासत होते, दुसरं काय. अकरा दिवस घालवलेत, जोड दिसायचा नाही, असं मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

"नाही दिसत," ते म्हणाले. "फार सफाईनं केलंयस."

आत्तापर्यंतचं त्यांनी केलेलं माझं सगळ्यात मोठं कौतुक. पण चेहरा असा की जणू दात दुखतोय.

मी सात वर्षांची असताना हा पिक्चर एका थिएटरात पुन्हा लागला, तेव्हा ते मला दाखवायला घेऊन गेले होते. पूल पडायच्या वेळी त्यांनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, मी पाण्याला घाबरेन म्हणून धरला. मग कानाशी येऊन विचारलं, "बघितलंस?" मी म्हटलं, "हो, पूल पडला." घरी येईपर्यंत मला खांद्यावर घेतलं होतं, सात वर्षांची घोडी मी.

आई असती तर या माणसाचं भाषांतर करून दिलं असतं. पण मी दीड वर्षाची असताना ती तापाने गेली. तिचे दोनच फोटो आहेत, एकात डोळे मिटलेत आणि एकात मान फिरवलीय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

हुबेहूबच्या हट्टावरून बाबा आज ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात फुटपट्टी. ती कशाला, असं विचारलं तर म्हणाले, असावी.

पाणीवाल्याने त्यांना लाट दाखवली. बाबांनी खूप वेळ बघितली, मग म्हणाले, "झकास. पण घाईत आहे." मग त्याला समजावलं, की हौदातली लाट दोन वितींची, ती क्षणात फुटते. ती डोंगराएवढी वाटायची तर कॅमेरा चौपट वेगाने चालवायचा, म्हणजे पडद्यावर सगळं चौपट संथ होतं. "मोठ्या गोष्टी सावकाश पडतात," असं ते म्हणाले, आणि पाणीवाल्याने ते चक्क लिहून घेतलं.

हुबेहूबने त्यांना सरळच विचारलं, "काका, तुम्हाला वाईट नाही वाटत? हे असं पुन्हा करणं?"

बाबा म्हणाले, "जुनं जसंच्या तसं असतं तर वाटलं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तुम्ही करा. चांगलं करा."

मग चहा घेऊ म्हटलं. मी मॅडमशी बोलत होते. दहा मिनिटांनी बघते तर बाबा चहाच्या मशीनपुढे उभे, हातातला कप तसाच, चहावर साय धरलेली. तोंड वर करून बघत होते. मशीनचं नवल वाटलं असावं, बटण दाबलं की चहा येतो त्याचं. मी म्हटलं, "बाबा, चला." ते म्हणाले, "हे कायम इथेच असतं का?" मी म्हटलं, "हो, चोवीस तास. कुणीही यावं आणि घ्यावं."

ते हसले. मग खिशातली फुटपट्टी काढली, पुन्हा आत ठेवली आणि चालायला लागले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

नव्या पिक्चरच्या डेटाला जागा पुरत नाही. जुने कच्चे स्कॅन, ज्यांना दोन वर्षं होऊन गेली, ते पुसायचं ठरलं. ज्याने ज्याचं काम केलं त्याने सही करायची. माझ्यापुढे कागद आला. वाचून बघितला, सही केली. काम संपल्यावर फडकं झटकायचं असतं.

घरी जेवताना सहज सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"कधी पुसणार?"

"शुक्रवारी. का हो?"

त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "पुसायलाच हवं का?"

"जागा नाही, बाबा. आणि साफ प्रत आहे ना आपल्याकडे, त्यापेक्षा चांगली."

"हो," ते म्हणाले. "तेही खरं आहे." उठून हात धुतले. आज त्यांनी माझंही ताट घासून ठेवलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

जागा झाली. पाणीवाला खूश. बाबांनी फोन करून विचारलं, झालं का. मी म्हटलं, झालं. बरं, म्हणाले.

रविवार, २ मार्च

कसं लिहू कळत नाही. घडलं तसं लिहिते.

आत्या आली होती. बाबा खाली दळण आणायला गेले होते. आत्याने विचारलं, "हा असा का सुकलाय? काय बोललीस त्याला?" मी म्हटलं, मी काहीच बोलले नाही, तेच पिक्चरचं चाललंय. पुन्हा काढतायत, जुना स्कॅनही पुसला.

आत्या म्हणाली, "पुसला म्हणजे? मग वहिनीचा हात?"

"कुठल्या वहिनीचा?"

"तुझ्या आईचा गं. पुलाखालची टेकणी सटकली होती ऐन वेळी. कॅमेरा सुरू झालेला, पाणी सुटायचं होतं. डबा घेऊन आली होती ती, तू सहा महिन्यांची पोटात. तिने डोंगरामागून हात घालून पुलाचा दोरा धरून ठेवला आणि लाट आली तसा सोडला. गाव वाहून गेलं म्हटल्यावर दुसऱ्यांदा शॉट कुठून घेणार? राहिला हात. साहेब एवढे ओरडले होते. आणि हा, ती गेल्यावर, दर वर्षी एकदा ती कॅसेट लावून तेवढाच हात बघायचा. तुला सांगितलं नाही त्याने?"

बाबा दळण घेऊन वर आले. आमच्याकडे बघितलं. आत्याला म्हणाले, "सांगितलंस?" आणि पिठाचा डबा फळीवर ठेवून आत गेले.

मी त्यांच्यामागे गेले. विचारलं, का नाही सांगितलं. माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, "तू मोठी झालीस की सांगणार होतो. मग तू ती प्रत घेऊन आलीस. अकरा दिवस लागले म्हणालीस. इतकी खुशीत होतीस."

"म्हणून सांगितलं नाही?"

"काय सांगू? तुझ्या हातानं गेलं म्हणून सांगू?"

मी खूप रडले. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. खरं तर उलटं व्हायला हवं होतं.

सोमवार, ३ मार्च

आठ वाजताच ऑफिस गाठलं. पाणीवाल्याने सगळे कप्पे धुंडाळले, पुसलेलं परत आणायचे जे काय उपाय असतात ते सगळे करून बघितले. त्या जागेवर त्याचंच पाणी बसलंय. एका लाटेचे एकशेवीस तुकडे. त्याला फार वाईट वाटलं, त्याची काहीच चूक नसताना. आता कुणाच्या माळ्यावर ती कॅसेट मिळते का म्हणून चौकशा करतोय. पिक्चर पडला होता, कॅसेट निघाल्याच मूठभर. आणि त्यातली एक मी रद्दीत घातली.

हुबेहूबला गाठलं आणि म्हटलं, नव्या पिक्चरमध्ये हात घ्या. तो म्हणाला, "पण चूक म्हणजे चूक असं तुम्हीच तर..." मग मी सांगितलं. तो खुर्चीवर बसलाच. पोरगा वाईट नाही. जरा वेळाने म्हणाला, "करू. तुमचा हात घेऊ. तुम्ही मुलगी आहात, ठेवण तीच असणार. शॉट हुबेहूब..." आणि तो शब्द तोंडात आल्यावर स्वतःच थांबला.

मी विचार करून सांगते म्हटलं. माझ्या हाताने पुसलेला हात माझ्याच हाताने परत करायचा, की हे म्हणजे आणखी एकदा पुसणं? डोक्याचा भुगा झालाय. मशीनपाशी चहाला गेले आणि कप भरून वाहायला लागला तरी कळलं नाही.

'आधी'. डावीकडचं चित्र. दोन वर्षं मी त्याच्याखाली उभी राहून चहा पितेय.

बाबांना मशीनचं नवल वाटलं नव्हतं.

शनिवार, ८ मार्च

मॅडमनी चित्र उतरवून दिलं. वरून म्हणाल्या, 'नंतर' कापून ठेवू का? मी म्हटलं, असू दे, तेही माझंच आहे.

सकाळच्या उजेडात खिडकीशी ठेवलं. बाबांनी चष्मा लावला आणि फुटपट्टी काढली. हाताची लांबी मोजली, चित्रातल्या पुलाची मोजली, काहीतरी गुणाकार केला, आणि म्हणाले, "बरोबर. तिचाच." जणू शंका होती.

मी पहिल्यांदा नीट बघितला. मी अकरा दिवस तो बघितला होता, पण कडेकडेने, पुसायला. बाही कोपरापर्यंत सारलेली. तर्जनीला दोऱ्याचे दोन वेढे. नखाला रंग लागलेला, पुलाचाच असणार.

"कितवी फ्रेम?" बाबांनी विचारलं.

"नववी."

"हां. म्हणून अंगठा अजून आत आहे. पुढं उघडतो."

मी हुबेहूबचं म्हणणं सांगितलं. माझा हात घेऊन शॉट करायचा ते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग मान हलवली. "तो तुझा हात होईल, ठमे. तुझा मला रोज दिसतो."

"मग नाही म्हणून सांगू?"

"ते मला काय विचारतेस. पिक्चर त्यांचा आहे."

म्हणजे हो की नाही, देव जाणे. सोमवारी काय सांगायचं ते मला अजून माहीत नाही. पिक्चर पुन्हा काढावा की काढू नये, याबद्दलचं आजचं मत: नाही.

मग बाबांनी टेबलाच्या कडेला हात टेकवला आणि दाखवलं. दोरा कसा धरला होता, लाट आली तशी बोटं कशी सुटली, अंगठा कधी उघडला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि तसंच करून बघितलं. पुसलेल्या चौदाच्या चौदा फ्रेम्स मला पाठ आहेत, त्या आठवून अगदी सावकाश हात मागे घेतला.

"नाही नाही," बाबा म्हणाले. "इतकं हळू नाही. ते कॅमेऱ्याने हळू केलं होतं. तिने झटकन काढला होता, बघता बघता. ती सगळंच भरभर करायची. जेवायचीसुद्धा भरभर."

माझी आई भरभर जेवायची. हे मला त्रेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मी झटकन हात काढला.

"हां," बाबा म्हणाले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "आता पिक्चरमधल्यासारखा कर."

मी सावकाश केला. अंगठा शेवटी उघडला.

"अजून एकदा," ते म्हणाले.